शॉर्टस्टॉप भारंबे

सिंगापुरात सेरंगूनच्या बस इंटरचेंजवर सकाळी साडेसातला गेलात तर निशिकांत भारंबे हमखास दिसतील. वय सदुसष्ट, अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात लांब दांड्याची काळी छत्री. बस आली की हे गृहस्थ आधी छत्रीचं टोक आतल्या पायरीवर टेकवतात आणि मग पाय उचलतात. ड्रायव्हरला वाटतं म्हातारा आधार शोधतोय. कसला आधार! भारंबे अजून पाच किलोमीटर चालतात. लहानपणी क्रिकेट खेळताना धाव पुरी करायला बॅट पुढे टेकवायची जी सवय हाडात शिरते, ती ही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

पण हा माणूस क्रिकेटचा नव्हे. हा माणूस पगारी बेसबॉलपटू होता, तेही अशा काळात की बेसबॉल म्हणजे काय हे जळगावात सांगायला अर्धा तास लागे आणि त्यासाठी कुणी पगार देतं हे सांगितलं तर लोक हसू लागत. रेल्वे किंवा बँक खेळाडूला नोकरी द्यायची हे लोकांना ठाऊक होतं. पण सकाळी उठायचं, खेळायचं आणि महिन्याच्या एक तारखेला त्याचेच पैसे घ्यायचे, हे निशिकांतच्या वडिलांनाही पटलं नव्हतं. "आणि बाकीचा वेळ काय करतोस?" असं ते पहिले सहा महिने रोज विचारत.

ही सगळी करामत धाकट्या शेठची. बापाची तेलाची गिरणी, मुलगा अमेरिकेत शिकून आलेला. येताना त्याने पदवी आणली की नाही हे कुणी विचारलं नाही, पण बेसबॉलचं वेड मात्र आणलं. एक्याऐंशी साली त्याने चार संघ उभे केले. जळगाव, पुणे, नाशिक आणि अमरावती. प्रत्येकात दहा पोरं. नऊ खेळायला आणि एक कुणाचा पाय मुरगळला तर. निशिकांत तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकता बी.कॉम. झालेला, जिल्ह्याच्या क्रिकेट संघात कव्हरला उभा राहणारा. शेठने त्याची एक फेक पाहिली आणि तिथेच त्याला शॉर्टस्टॉप करून टाकलं.

बेसबॉलमध्ये पळणाऱ्याने पाय टेकवायच्या चार जागा असतात, ते बेस. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवरचा माणूस. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाकडेतिकडे चेंडू त्याच्याकडे येतात. निशिकांतला ही जागा अशी मानवली की जणू ती त्याच्यासाठीच रिकामी ठेवली होती. जमिनीवर घासत येणारा चेंडू असो की उसळून छातीवर येणारा, तो त्याच्या हातून सुटत नसे. दोन सीझनमध्ये मिळून पाच वेळा सुटला, आणि त्या पाची वेळा कोणकोणत्या हे भारंबे आजही सांगतील. म्हणजे, सांगितलं असतं, जर त्यांनी या विषयावर तोंड उघडलं असतं तर.

फलंदाजीत मात्र घोडं पेंड खायचं. एकट्याचं नव्हे, चाळीसही पोरांचं. सगळे क्रिकेट खेळून आलेले. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून द्यायची आणि मोकळ्या हाताने पळायचं. पाय बेसवर पडला पाहिजे, बॅट टेकवून काही उपयोग नाही. पण ही पोरं मारायची आणि बॅट घट्ट धरून पळायची! प्रशिक्षक बऱ्हाटे सर मूळचे शाळेतले पी.टी.चे मास्तर. त्यांनी रोज सकाळी प्रत्येकाकडून शंभर वेळा नुसती बॅट टाकून घेतली. मैदानाच्या कडेला उभं राहून ते "टाक! टाक!" असे ओरडत, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका बिचकून हातातल्या पिशव्या सांभाळत. दोन महिन्यांनी सवय गेली. निदान तसं सगळ्यांना वाटलं.

त्या दिवसांतली खरी मजा ग्लोव्हजची. शेठने अमेरिकेहून ग्लोव्हज मागवले होते, पण कस्टममध्ये निम्मे अडकले ते अडकलेच. मग दोन संघांत मिळून एकच संच. आपल्या संघाचं क्षेत्ररक्षण संपलं की प्रत्येकाने आपला ग्लोव्ह आपल्या जागेवर मातीत ठेवायचा आणि बाहेर यायचं. मग समोरच्या संघाचा माणूस येऊन तोच घालणार. असं करत निशिकांतचा ग्लोव्ह पुण्याच्या शॉर्टस्टॉपच्या वाट्याला येई. त्याचं नाव प्रबोध सरपोतदार. पुण्याचा असून कमी बोलणारा, म्हणजे तसा दुर्मीळच. पहिल्या सामन्यात दोघे एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या सामन्यात निशिकांतने ग्लोव्हमध्ये हात घातला तर आत लिमलेटची गोळी. त्याने ती खाल्ली आणि पुढच्या डावाला जाताना ग्लोव्हमध्ये मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले. मग हे चालूच राहिलं. समोरासमोर आले की मान डोलवायची, आणि उरलेली दोस्ती ग्लोव्हमध्ये. सामना जळगावात असला की संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत-पुरीची पंगत होई, तेव्हा मात्र दोघे शेजारी बसत.

आता तो दिवस सांगायलाच हवा. ब्याऐंशीचा एप्रिल. अंतिम सामना जळगावात, पुण्याविरुद्ध. दुपारी जेवताना धाकटे शेठ जळगावच्या पोरांमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "आज जिंका, मग तिसरा सीझन पक्का." पोरांनी ते वाक्य भाकरीबरोबर गिळलं. शेवटचा डाव. पुणे एका धावेने पुढे. जळगावचे दोन बाद झालेले, तिसऱ्या बेसवर एक गडी. फलंदाजीला निशिकांत. तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की तिसऱ्यावरचा गडी घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, येणार आणि बरोबरी. त्याने मारलं. चेंडू थेट प्रबोधकडे. प्रबोधच्या हातून तो क्षणभर निसटला, त्याने उचलून फेकला, उशिरा फेकला. निशिकांत जीव तोडून पळाला. बेस एका ढांगेवर आला आणि त्या क्षणी बऱ्हाटे सरांचे दोन महिने पाण्यात गेले. बॅट त्याच्या हातातच होती. तो कमरेत वाकला, हात लांब केला आणि बॅटचं टोक बेसवर टेकवलं, अगदी सुरेख, क्रिकेटच्या पुस्तकात छापावं असं. पाय वीतभर मागे राहिला. चेंडू आला. पंचाने अंगठा वर केला, म्हणजे बाद.

लोक आधी गप्प होते. मग हसले.

दोन दिवसांनी जळगावच्या सगळ्यांना पत्रं आली. लीग बंद. चार संघ, चाळीस पोरं घरी. कुणी बापाच्या दुकानात बसला, कुणी सूतगिरणीत लागला. निशिकांतला कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बोलायला हवं कशाला? चाळीस जणांच्या पोटावर आपण पाय दिला, तोही हातात बॅट धरून, हे त्याचं त्याला कळत होतं. त्याने कानाला खडा लावला. जूनमध्ये आणखी एक पत्र आलं. भारतीय संघाच्या निवड शिबिराचं, दिल्लीला. ते त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. ज्याने सगळ्यांचं बुडवलं त्याने एकट्याने पुढे जायचं, हे त्याला शोभेना. त्या पत्राबद्दल त्याने आईला सांगितलं नाही, पुढे बायकोलाही नाही.

पुढचं सरळ आहे. मुंबईत बँक, लग्न, त्र्याण्णव साली सिंगापूर, तिथे कायम राहायचा परवाना, मग नागरिकत्व, सेरंगूनचा फ्लॅट. बँकेत त्यांचं काम नियम पाळले गेले की नाही हे बघण्याचं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवरच्या तारखा तपासल्या. मुलगा वेदांत इथेच वाढला, त्याची मुलगी अवनी आता तेरा वर्षांची. आणि नियतीला विनोदबुद्धी आहे असं म्हणायला जागा आहे, कारण अवनी शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची चुलत बहीणच. भारंबे तिच्या एकाही सामन्याला गेले नाहीत. कधी गुडघा, कधी ऊन, कधी कुणाची तरी बारशाची पार्टी.

"आजोबा, यू नेव्हर कम वन," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. नातीला वाटे, आजोबांना मुलींनी खेळलेलं आवडत नाही. भारंब्यांना ते कळत होतं आणि ते तसंच राहू देत होते. तेवढ्यापुरतं सोपं होतं.

त्यांची बायको सविता शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मुलांना शिकवते. जानेवारीतल्या एका शनिवारी ती घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "अहो, आज शाळेत एक मेधाताई आल्या होत्या, नातवाला सोडायला. पुण्याच्या आहेत. क्लेमेंटीला मुलीकडे राहतात. त्यांचे मिस्टर म्हणे बेसबॉल खेळायचे. मी म्हटलं, आमचेही थोडंफार खेळायचे, जळगावला. तर त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. प्रबोध सरपोतदार. ओळखता?"

भारंबे पेपर वाचत होते. पेपर तसाच राहिला.

"त्यांनी तुमचा नंबर घेतलाय. उद्या सकाळी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरला या म्हणाले. मंगळवारी परत चाललेत."

भारंबे म्हणाले, उद्या जमणार नाही. सविताने का विचारलं. ते म्हणाले, गुडघा. सविता म्हणाली, हा गुडघा बराच हुशार आहे, त्याला बरोबर कळतं कधी दुखायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एवढं शिकून घेतलं होतं की हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतो, आणि त्याच्याकडून काही काढायचं तर त्याला ढकलावं लागतं. तिने वेदांतच्या घरी फोन केला आणि अवनीला सांगितलं, उद्या आजोबांना क्लेमेंटीला घेऊन जा, त्यांना एकट्याला कंटाळा येतो.

त्या रात्री भारंब्यांनी ठरवलं. ज्यांचं नुकसान केलं त्या चाळीसांपैकी बाकीच्यांचा पत्ता नाही. हा एक समोर आलाय. त्याची माफी मागायची. तो काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. ठरवून त्यांना बरं वाटलं नाही, पण ठरवलं.

क्लेमेंटीला जाताना बुओना व्हिस्टाला मेट्रो बदलायची असते. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर भारंबे अवनीला म्हणाले, "आपण इथूनच परत जाऊ या का?"

"आजोबा, टू मोर स्टॉप्स ओन्ली," अवनी म्हणाली आणि त्यांचा दंड धरला. आजोबांचा हात गार होता, हे तिने संध्याकाळी आजीला सांगितलं.

हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांमध्ये प्रबोध सरपोतदार टेबल अडवून बसले होते. डोक्यावर एक केस नाही, पोट सुटलेलं, पायांत पुण्याहून आणलेल्या चपला. भारंब्यांना पाहून ते उठले आणि काही न बोलता मान डोलावली. भारंब्यांनीही डोलावली. मग दोघांनाही हसू आलं आणि प्रबोधनी त्यांना मिठी मारली. अवनी तिघांसाठी कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, आणि नारळाचा गोड काया लावलेला टोस्ट घेऊन आली. प्रबोधनी तिला विचारलं, "बाळ, तू काय खेळतेस?" ती म्हणाली सॉफ्टबॉल. कुठल्या जागेवर, तर शॉर्टस्टॉप. प्रबोधनी भारंब्यांकडे पाहिलं. "आणि हा तुला शिकवतो?"

"ही डझन्ट इव्हन कम," अवनी म्हणाली.

भारंब्यांनी कोपी खाली ठेवली. नातीसमोर बोलायचं की नाही हा विचार त्यांनी केला होता आणि नाहीच असं ठरवलं होतं. पण आता लांबवलं तर जमणार नाही, हे त्यांना कळलं.

"प्रबोध, मी माफी मागायला आलोय."

"कसली रे?"

"त्या बॅटची."

प्रबोध खदखदून हसले. "अरे, ती गोष्ट मी पुण्यात लग्नाच्या पंगतींमध्ये सांगतो. लोकांची जेवणं थांबतात." आणि त्यांनी लगेच अवनीलाही सांगितली, उठून, वाकून, हातात चमचा धरून. अवनीने ती खेळाडूच्या गांभीर्याने ऐकली.

"सो फर्स्ट बेसला यू जस्ट रन थ्रू व्हॉट," ती आजोबांना म्हणाली. "व्हाय यू स्टॉप?"

"सवय," भारंबे म्हणाले. मग प्रबोधकडे वळले. "तुम्ही हसा. पण त्यामुळे चाळीस पोरं घरी बसली. शेठ आम्हाला म्हणाले होते, जिंका, तिसरा सीझन पक्का. मी घालवलं. तुझीही नोकरी गेली. इतक्या वर्षांत मी एकदा पत्र टाकायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही."

प्रबोधचं हसू गेलं.

"भारंब्या, तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"मैदान विकलं गेलं होतं. गिरणीसकट. फायनलच्या आधी आठ दिवस. आम्हाला पुण्यात पत्रं देऊन झाली होती. शेवटचा पगार सामन्याच्या दिवशी, आणि सांगितलं की जळगावच्या पोरांना बोलू नका, तिकिटं विकली गेलीत, कळलं तर ती पोरं खेळणार नाहीत. तू दहा होमरन मारले असतेस तरी काही होणार नव्हतं."

"शेठ तर जेवताना..."

"शेठ काय, काहीही बोलायचे."

"तू मला सांगितलं नाहीस."

"शब्द दिला होता. आणि नंतर तुम्हालाही पत्र मिळालंच की. त्यावर तारीख होती, सामन्याच्या आधीची. मला वाटलं तू वाचली असशील."

भारंब्यांनी ती तारीख वाचली नव्हती. ज्या माणसाने पुढे तीस वर्षं लोकांच्या तारखा तपासल्या, त्याने तेवढी एक वाचली नाही. लीग बंद एवढंच वाचलं आणि उरलेलं स्वतःच्या मनाने लिहून टाकलं.

हलकं वाटायला हवं होतं. भारंबे त्याची वाट बघत बसले, पण तसं काही होईना. आला तो राग, आणि तो शेठवर नव्हता, प्रबोधवरही नव्हता. शेजारच्या टेबलावर कुणी ट्रे आपटला. भारंबे एकदम म्हणाले, "मग मी दिल्लीला का गेलो नाही?"

"तेच मी तुला विचारणार होतो," प्रबोध हळूच म्हणाले. "शिबिराच्या यादीत शॉर्टस्टॉपला एकच नाव होतं. तुझं. तीन दिवस वाट बघितली तुझी. मी सेकंड बेसला आलो होतो. रोज संध्याकाळी स्टेशनवर जायचो, म्हटलं गाडी चुकली असेल. चौथ्या दिवशी त्यांनी मला तुझ्या जागेवर उभं केलं. सहा वर्षं खेळलो रे. मनिला, सोल, कुठे कुठे. कुणी पाठीवर थाप मारली की वाटायचं, ही तुझी आहे. मला वाटलं, घरून परवानगी नसेल. मला वाटलं, लग्न ठरलं असेल. हे असलं काही असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही."

"मला लाज वाटत होती," भारंबे म्हणाले. एवढंच. चाळीसहून जास्त वर्षं सांभाळलेली गोष्ट चार शब्दांत संपली, याचं त्यांनाच नवल वाटलं.

अवनी टोस्टचा तुकडा हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचा कंटाळा करते एवढंच. आता मात्र तिने मराठीतच विचारलं.

"आजोबा, तुम्ही इंडियासाठी खेळला असता?"

"हो," भारंबे म्हणाले.

त्यांनी हे कधीच, कुणाकडेच, अगदी स्वतःकडेही कबूल केलं नव्हतं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी तो लपवला नाही. प्रबोधनी टेबलावरून हात पुढे केला आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. अवनी उठली आणि कुणी न सांगता आणखी दोन कोपी आणायला गेली.

ती परत आली तेव्हा आजोबांनी डोळे पुसले होते आणि खुर्ची पुढे ओढून घेतली होती. मुंडी खाली घालून ते प्रबोधला विचारत होते, "मनिलाची जमीन कशी होती?"

"कसली जमीन?"

"इनफिल्ड. तुझ्यासमोरची. माती की गवत? चेंडू उसळायचा की घासत यायचा?"

"लाल माती. पण बारीक चाळलेली, आपल्यासारखे खडे नाहीत."

"असं नको. विमानात बसलात तिथपासून सांग. काही गाळू नकोस."

प्रबोधनी घड्याळ पाहिलं, मुलीला फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगितलं, आणि सुरुवात केली. विमानात कुणाला उलटी झाली, हॉटेलात एका खोलीत चौघे कसे झोपले, जर्सी दोन मापं मोठी होती ती कशी पिना लावून घातली. भारंबे मधे मधे विचारत होते, जर्सीचा निळा कोणता, नंबर कोणता. सात, प्रबोध म्हणाले. भारंब्यांनी मान हलवली, सात चांगला. मग सामना सुरू झाला. पहिल्याच डावात, पहिल्याच फलंदाजाने चेंडू मारला, तो थेट शॉर्टस्टॉपकडे. डावीकडे, खाली, शेवटच्या टप्प्यावर थोडा उसळून.

भारंब्यांचा डावा हात टेबलावरून खाली गेला आणि गुडघ्याजवळ उघडा झाला. बोटं पसरलेली, तळवा पुढे. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग?" ते म्हणाले.

"सुटला," प्रबोध त्या उघड्या हाताकडे बघत म्हणाले.

भारंब्यांच्या हातून तो सुटला नसता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.